दर आठवड्याला सहा लाखांची सुई? कोणी सांगितलं हे?

‘नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’ असं शीर्षक असलेला मेसेज सध्या गावोगावी फिरतो आहे. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही. आमच्या मोठ्या आईनं तो मला वाचून दाखवला आणि वर म्हणाली, “तुह्या दुकानात असन तर आणून दे ना बाप्पा, कपाशी वेचून कंबर गेली माही.” मी तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये बसतो. हाच मेसेज काउंटरवर धरून सुया मागणारे रोज येतात, पण घरातच आल्यावर लिहिणं भाग पडलं.

मेसेजचं म्हणणं असं: थकवा, मुंग्या, गुडघेदुखी म्हणजे व्हिटॅमिनची कमी, तपासणीत पैसे घालवू नका. गोळ्या अंगी लागत नाहीत. बी-12 ची लाल सुई आणि डी-3 ची सहा लाखांची (रुपये नव्हे, औषधाचे युनिट) सुई दर आठवड्याला एक, अशा चार-चार घ्या. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. गावात कोणीही टोचून देईल.

आधी सहा लाखांचं बघू. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसाची डी व्हिटॅमिनची रोजची गरज 600 युनिट आहे. म्हणजे एका सुईत हजार दिवसांचा साठा. चार आठवड्यांत चार सुया म्हणजे जवळपास अकरा वर्षांचा! ही सुई खोटी नाही. कमतरता मोठी असेल तर डॉक्टर ती देतात, पण एकदा, आणि रिपोर्ट बघून. ती सावकाश, कित्येक आठवडे रक्तात उतरत राहते. फरक पडला नाही म्हणून लोक दुसरी घेतात, तेव्हा पहिलीचं काम अजून चालूच असतं. शिवाय डी चरबीत साठतं, ते लघवीवाटे जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी किडनीला मार. त्यात घरोघरी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतातच.

बी-12 चं जास्तीचं बरंचसं लघवीतून जातं, हे मात्र खरं. पण बऱ्याच लाल सुयांमध्ये बी-1 आणि बी-6 पण मिसळलेलं असतं, आणि बी-6 दीर्घकाळ जास्त गेलं की नसा बिघडून हातापायाला मुंग्या येतात. ज्याच्यासाठी सुई घेतली तेच!

गोळ्यांचं अर्धसत्य मान्य करावं लागेल. आतड्यातून शोषणच होत नसेल किंवा नसांवर परिणाम झाला असेल तर बी-12 ची सुईच आधी लागते. नुसत्या शाकाहारामुळे कमी झालं असेल तर मोठ्या डोसची गोळी बहुतेकांना पुरते.

तपासणी नको म्हणणाऱ्याला तर विदर्भ माहीतच नसावा. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. थकवा आणि सांधेदुखी त्यातही असते, आणि त्याची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. लोह कमी असलेल्या बाया तर घरोघरी. मुंग्या शुगरमुळे येतात, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी खाल्ल्यानं बी-12 कमी होऊनही येतात. रक्त न बघता कारण कोणतं ते कसं कळणार? आणि आधी सुई मारून मग तपासलं तर रिपोर्टमध्ये बी-12 भरपूर दिसतं आणि कारण दडून राहतं.

राहिलं ‘कोणीही टोचून देईल’. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात 2018 साली डझनावारी लोकांना एचआयव्ही निघाला. स्वस्तात सुया देत गावोगाव फिरणाऱ्या एका झोलाछाप (बोगस) डॉक्टरवर एकच सुई अनेकांना वापरल्याचा आरोप ठेवला गेला. कुल्ल्यात चुकीच्या जागी टोचली तर पायाची नस दुखावून पाय ओढत चालावं लागतं, ते वेगळंच.

मोठ्या आईला मी सुई दिली नाही. “मंगळवारी सरकारी दवाखान्यात चल, हिमोग्लोबिन, सिकलसेल, शुगर पाहू, मंग डॉक्टर म्हणतील तसं करू,” म्हटलं. तुम्हाला डॉक्टरांनी सुई लिहून दिलीच तर चिठ्ठीवर किती आणि किती दिवसांनी हे लिहून घ्या, नवी सिरिंज डोळ्यांसमोर फोडायला लावा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ॲलर्जी क्वचित येते, पण येते तेव्हा लवकर येते.