मुलगा की मुलगी हे सांगायचे नाही, पण बाकीचे?

सोनोग्राफीच्या खोलीत बसायला लागून मला एकवीस वर्षे झाली. या काळात वैद्यकीय नीतिमत्तेवर जितकी व्याख्याने ऐकली, त्यांतली बहुतेक फॉर्म एफवर, म्हणजे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या नोंदपत्रावर, सुरू झाली आणि फॉर्म एफवरच संपली. कोणता रकाना रिकामा राहिला तर मशीनला सील लागते, महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत कसा पोचवायचा, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी कोणत्या भिंतीवर लावायची, हे सगळे आम्हाला पाठ आहे. समोर पोटावर जेल लावून पडलेल्या बाईशी काय आणि कसे बोलावे, याबद्दल मात्र कोणी दोन वाक्ये सांगितल्याचे मला आठवत नाही.

गैरसमज नको. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा हवाच होता आणि तो कडकच हवा. देशात असा कायदा सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या आपल्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर ती ८०७ वर आली होती. हे आकडे आमच्याच खोल्यांमधून घडले, हे आम्ही मान्य करायला हवे. नोंदींमधील त्रुटी ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, तेव्हा माझ्या अनेक सहकाऱ्यांना तो अन्याय वाटला. मला तो पटला, कारण तपासणी करणारा आणि करून घेणारे दोघेही खूश असतात अशा गुन्ह्याची तक्रार कोणी करत नाही, आणि मग पुरावा म्हणून तो कागदच तेवढा उरतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. कायद्याने आम्हाला एका प्रश्नाचे उत्तर द्यायला मनाई केली आणि आम्ही हळूहळू सगळ्याच प्रश्नांची उत्तरे देणे बंद केले. एके काळी पेढे आणि बर्फीच्या सांकेतिक भाषेत लिंग सांगितले जात असे, त्यामुळे डॉक्टरच्या साध्या शब्दाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. स्क्रीन रुग्णाकडून वळवून ठेवण्याची, ‘रिपोर्टमध्ये सगळे लिहिले आहे, तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ असे म्हणून पुढचा नंबर पुकारण्याची सवय लागली. ही सवय सोयीची होती, कारण न बोलणाऱ्याला नंतर कोणी जाब विचारत नाही आणि दिवसाचे आणखी दहा रुग्णही त्यात बसतात.

माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगते. आठ आठवड्यांची गरोदर, पहिलटकरीण. गर्भ दिसत होता, ठोके नव्हते. तिने विचारले, ‘मॅडम, बाळ बरे आहे ना?’ मी नजर स्क्रीनवरच ठेवून तेच ठरलेले वाक्य म्हटले. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि तिच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडणार होता. म्हणून तिने तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या मुलाकडून वाचून घेतला, आणि काउंटरपाशी चार गिऱ्हाइकांसमोर त्याने तिला सांगितले की बाळाचे ठोके नाहीत. हे मला दोन वर्षांनी कळले, ती दुसऱ्या खेपेला तपासणीसाठी आली तेव्हा. ती चिडलेली नव्हती. तिने ते सहज, घडलेली हकीकत म्हणून सांगितले, आणि म्हणूनच मला ते अजून बोचते.

मी त्या दिवशी कोणताही नियम मोडला नव्हता. फॉर्म पूर्ण होता, सह्या होत्या, निदानही बरोबर होते.

निदान बरोबर होते हे म्हणणेसुद्धा वाटते तितके सोपे नसते. गर्भाची लांबी सात मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, किंवा गर्भाची थैली सरासरी पंचवीस मिलिमीटर होऊनही आत गर्भ दिसत नसेल, तर गर्भ वाढत नाही असे म्हणता येते. त्याखाली थांबायचे असते. आठ-दहा दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचे असते, कारण पाळीच्या तारखा चुकतात आणि पाच मिलिमीटरच्या गर्भात आज न दिसलेले ठोके पुढच्या आठवड्यात दिसू शकतात. ‘आज मला नक्की सांगता येत नाही’ हे वाक्य बोलायला आमच्या व्यवसायात फार जड जाते. रुग्ण उठून दुसऱ्या सेंटरला जाईल, पाठवणारे डॉक्टर नाराज होतील, अशी भीती असते. त्या भीतीपोटी घाईने लिहिलेल्या एका ओळीवर कोणी पिशवी साफ करून घेईल, ही भीती मात्र त्या मानाने कमी वाटते, याचे मला आश्चर्य वाटते.

शब्दांची जबाबदारी गरोदरपणापुरती नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या अनेक जणी तिशी-चाळिशीतल्या होत्या. आता ‘बल्की युटेरस’, म्हणजे आकाराने मोठे गर्भाशय, हे दोन शब्द मी दिवसातून चार वेळा लिहिते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसणे यात विशेष काही नाही. पण तोच कागद दुसऱ्याच्या हातात गेला की त्याचे भाषांतर ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे होते. म्हणून मी आता त्या ओळीखाली ‘वयोमानानुसार व बाळंतपणांनंतर अपेक्षित’ असे मराठीत लिहिते आणि तोंडानेही सांगते. यावरून दोन डॉक्टरांनी माझ्याकडे रुग्ण पाठवणे बंद केले. कट प्रॅक्टिसबद्दल, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेण्याबद्दल, यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

आतून करायच्या तपासणीबद्दल मात्र लिहायला हवे. कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, दाखवून, ही तपासणी योनीमार्गातून होते, नको असेल तर पोटावरून जेवढे दिसेल तेवढे पाहू, आणि मध्येच थांबवायचे असेल तर हात वर करा, एवढे सांगायला दीड मिनिट लागते. खोलीत मावशी असतात, दार आतून लावलेले असते. लग्न न झालेल्या मुलीला हे आईसमोर विचारायचे नसते, हेही मी उशिराच शिकले.

हल्ली तपासणी झाल्यावर मी जेल पुसायला कागद देते, दिवा लावते आणि बाई उठून बसेपर्यंत काही बोलत नाही. बाहेरून सासूबाई किंवा नवरा डोकावून ‘काय निघाले?’ असे विचारतात. परवा एक आजी तर थेट आतच आल्या आणि ‘मला सांगा, तिला काय कळते’ म्हणाल्या. मी त्यांना बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितले आणि सुनेला विचारले, की आजींना आत बोलवायचे का. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आधी मला सांगा.’