स्टेपनी डिकीत पडून असते, उपग्रह नाही

‘जोडीला ठेवलेला राखीव उपग्रह म्हणजे गाडीची स्टेपनी, तिला कुठं वेगळा परवाना लागतो?’ हे तुमच्या उपग्रह-परवान्यांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. स्टेपनी डिकीत गप्प पडून असते हो! पृथ्वीजवळच्या कक्षेतला राखीव उपग्रह सेकंदाला सातएक किलोमीटर वेगानं फिरत असतो, इंधन खातो, जमिनीवरच्या केंद्राशी रेडिओवर बोलतो. म्हणजे लहरी वापरतो आणि कुणाला तरी धडकूही शकतो. परवाना हवाच. प्रश्न तो कधी द्यायचा, एवढाच. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम या उपग्रह-फोन कंपनीच्या इरिडियम-३३ उपग्रहावर रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ उपग्रह आदळला. इरिडियमच्या ६६ उपग्रहांच्या जाळ्यातली ती जागा पुढच्याच महिन्यात वरच फिरणाऱ्या राखीव उपग्रहानं भरली. तेव्हा अर्ज करत बसले असते तर? अमेरिकेत असे परवाने देणारी सरकारी संस्था एफसीसी अशा हुबेहूब राखीव उपग्रहांना मूळ परवान्यातच धरते. कामाला लावल्यावर फक्त कळवायचं.

मंजुरीची वाट बघणं काय असतं ते आम्ही सांगलीकरांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बघितलंय. आमच्या भागातला मोबाईल टॉवर शाबूत होता, जनरेटर तेवढा पाण्यात. दुसरा मिरजेत गोदामात तयार होता, पण ‘वरून मेल आल्याशिवाय हलवता येत नाही’. मेल आला तिसऱ्या दिवशी. तोवर माझी आई माधवनगरला मावशीकडं सुखरूप पोचलीय की नाही, हेसुद्धा मला कळलं नव्हतं.