‘दोन स्पेल टाकले की विझर्ड संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या विझर्डच्या, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकणाऱ्या जादूगाराच्या, ताकदीवरच्या माझ्या लेखाखाली ‘निनावी’ नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विझर्ड फक्त कागदावर बलवान असतो, पहिल्या लेव्हलला एकटा गॉब्लिन (किरकोळ राक्षस) त्याला आडवा करतो, “दोन स्पेल टाकले की विझर्ड संपला, उरलेला दिवस फायटरच्या मागे लपायचं”, सॉर्सररचं (दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराचं) मेटामॅजिक, म्हणजे स्पेलमध्ये हवा तसा बदल करायची युक्ती, यापेक्षा कामाचं, लेजेंडरी रेझिस्टन्सपुढे (बड्या राक्षसांची स्पेल झटकून टाकायची सोय) सगळंच पाण्यात, आणि हिप्नॉटिक पॅटर्न या शत्रूंना भुलवणाऱ्या स्पेलचं माप मी चुकीचं दिलंय. शेवट असा: “लेखकमहाशयांनी पुस्तकं वाचलीत, टेबलावर बसलेले दिसत नाहीत. अभ्यास वाढवा.”

आधी चूक कबूल करतो. हिप्नॉटिक पॅटर्न ३० फूट त्रिज्येचा नाही, ३० फुटांच्या घनाचा आहे. लेखात दुरुस्त केलंय, आभार. त्याच ओळीत १२० फुटांची रेंज बरोबर दिली होती, पण तिचं कौतुक कोण करणार!

आता ‘अभ्यास वाढवा’. हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. ते लिहिले की पुढचं काही सिद्ध करायची गरज उरत नाही. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हापासून मी टेबलावर आहे, त्यातला बराच काळ डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पडद्यामागे. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा. मी खेळलोच नाही हे तुम्हाला कुठून कळलं? माझ्या लेखात एकही शिवी नव्हती, टोमणाही नव्हता. तुमच्या प्रतिक्रियेत मी चार मोजले.

असो. ‘दोन स्पेल’वर येतो, कारण तुमची सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी आहे. मी २०१४ च्या नियमांप्रमाणे बोलतोय.

पहिल्या लेव्हलला स्लॉट (दिवसात स्पेल टाकायच्या संधी) दोन, हे खरं. पण आर्केन रिकव्हरी विसरलात. दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) संपताना, विझर्ड लेव्हलच्या निम्मे (अपूर्णांक वर धरून) इतक्या लेव्हलचे स्लॉट परत मिळतात. म्हणजे पहिल्याच दिवशी तीन स्पेल. पाचव्या लेव्हलला पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट अनुक्रमे ४, ३ आणि २, एकूण नऊ. वर रिकव्हरीचे तीन लेव्हल: तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट घ्या, नाहीतर पहिल्या लेव्हलचे तीन. दहा ते बारा स्पेल झाले. कँट्रिप (स्लॉट न लागणारे छोटे स्पेल) यात धरलेलेच नाहीत. ते कितीही वेळा टाका. तुमचं वाक्य जुन्या आवृत्तीतल्या मॅजिक-यूझरला (विझर्डच्या पूर्वजाला) चपखल बसतं. त्याला पहिल्या लेव्हलला एकच स्पेल होता आणि तो टाकला की हातात खंजीर. ती तक्रार तुम्ही पन्नास वर्षांनी आजच्या विझर्डच्या माथी मारताय.

आणि स्लॉट मोजणं हाच मुळात चुकीचा हिशोब आहे. विझर्डची ताकद त्याच्या स्पेलबुकात असते. सुरुवातीला सहा स्पेल, मग दर लेव्हलला दोन. पाचव्या लेव्हलला डीएमने एकही स्क्रोल दिला नाही तरी वहीत १४. त्याच लेव्हलच्या सॉर्सररला सहा येतात. इंटेलिजन्स १८ असेल तर विझर्ड रोज त्यातले नऊ प्रिपेअर करतो, म्हणजे त्या दिवसासाठी तयार ठेवतो. उरलेले पाच वाया जातात असं तुम्हाला वाटत असेल, तर इथेच तुमची गफलत आहे.

रिच्युअल खूण असलेला स्पेल विझर्डला प्रिपेअर करावा लागत नाही. वहीत असला की पुरे. नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात आणि स्लॉट खर्च होत नाही. डिटेक्ट मॅजिक, अलार्म, फाइंड फॅमिलिअर आणि लिओमुंड्स टायनी हट हे चार वहीत घ्या आणि प्रिपेअर करू नका. नऊ आणि चार तेरा. चौदापैकी तेरा स्पेल रोज हाताशी. क्लासच्या मूळ नियमांत हा फायदा विझर्डचाच. क्लेरिक आणि ड्रुइड (जादू येणारे इतर दोन क्लास) रिच्युअल करतात, पण त्यांना तो स्पेल त्या दिवशी प्रिपेअर केलेला लागतो.

टायनी हट बघा. अकरा मिनिटांत दहा फूट त्रिज्येचा घुमट. आत तुम्ही आणि आणखी नऊ मध्यम आकाराचे जीव, मुदत आठ तास, स्लॉट शून्य. बाहेरचा बाण किंवा स्पेल आत येत नाही, आतला बाण मात्र बाहेर जातो. बिघडतं कुठे? विझर्ड स्वतः घुमटाबाहेर गेला की घुमट संपतो, म्हणून पहाऱ्याला विझर्डला पाठवू नका. डिस्पेल मॅजिक या जादू मोडणाऱ्या स्पेलनेही तो जातो. आणि शत्रू शहाणा असेल तर बाहेर कडं करून सकाळची वाट बघतो. हा स्पेल दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचा तर दर स्पेल लेव्हलला दोन तास आणि ५० सोन्याची नाणी, म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या या स्पेलला सहा तास आणि १५० नाणी. नवखे खेळाडू हा वेळ डीएमकडे मागतच नाहीत आणि मग वही कोरीच राहते. विझर्ड कमजोर वाटण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण, प्रत्येक फेरीत नुकसान मोजत बसणं. मॅजिक मिसाइलचं सरासरी नुकसान १०.५. तोच पहिल्या लेव्हलचा स्लॉट स्लीपला (झोपवणाऱ्या स्पेलला) दिला तर ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे), सरासरी २२.५ एचपीइतके (एचपी म्हणजे मार सोसायची क्षमता) जीव झोपतात. गॉब्लिनचे एचपी सात, म्हणजे साधारण तीन गॉब्लिन एका कृतीत खाली, सेव्हशिवाय (शत्रूला फासा टाकून वाचायची संधी न देता). गोम अशी की मोजणी सगळ्यात कमी एचपीवाल्यापासून सुरू होते आणि २० फुटांच्या त्रिज्येत जखमी मित्र असला तर तो आधी घोरायला लागतो. अनडेड (मेलेले पण चालते-फिरते जीव) आणि एल्फ झोपत नाहीत. पाचव्या लेव्हलला ५९ एचपीच्या ओगरवर पहिल्या लेव्हलच्या स्लॉटने स्लीप टाकणारा विझर्ड मात्र खरंच ‘संपलेला’ असतो. (२०२४ च्या पुस्तकात स्लीपला विझडम सेव्ह आला आणि ही सगळी गंमत गेली. मला तो बदल आवडलेला नाही.)

गॉब्लिनने आडवं करण्याचं गणित तुम्ही मांडलं नाहीत, मी मांडतो. डेक्स्टेरिटी १४ असलेल्या विझर्डचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १२. गॉब्लिनच्या वाराला +४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडलं की लागला: ६५ टक्के. मेज आर्मर (जादुई चिलखताचा स्पेल) घातलं तर एसी १५, शक्यता ५० टक्के. त्यावर रिअॅक्शनने शील्ड (क्षणभराच्या ढालीचा स्पेल) टाकलं तर एसी २० आणि २५ टक्के. कॉन्स्टिट्यूशन १४ धरून एचपी आठ, गॉब्लिनचा वार सरासरी पाच. म्हणजे सरासरी एका वारात तो पडत नाही, दोन लागले तर पडतो. चूक अशी होते की लोक मेज आर्मर आणि शील्ड यांतच दोन्ही स्लॉट उडवतात आणि मग तुमच्यासारखी वाक्यं लिहितात. पहिल्या दोन लेव्हलला मेज आर्मर सोडा, खांबाआड उभे राहा, स्लॉट स्लीप आणि शील्डसाठी ठेवा.

तिसरं कारण कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे काही स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता. वेब आणि हिप्नॉटिक पॅटर्न एकाच वेळी चालत नाहीत. दुसरा टाकला की पहिला गेला. मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (हुकला तर स्पेल गेला), डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा नुकसानाच्या निम्मे, यातला मोठा आकडा. म्हणजे २२ नुकसान होईपर्यंत डीसी दहाच राहतो आणि +२ वाल्याला ६५ टक्के संधी असते. हिप्नॉटिक पॅटर्नमध्ये अडकलेल्याला कुणी मारलं की तो शुद्धीवर येतो. त्यामुळे तो टाकायच्या आधी आपल्या बार्बेरियनला तोंडाने सांगा की त्या बाजूला कुऱ्हाड चालवू नकोस. निम्मे वेळा हा स्पेल शत्रू मोडत नाही, आपलीच पार्टी मोडते.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. मेटामॅजिक चांगलंच आहे. सॉर्सररवर लिहीन तेव्हा बोलू. लेजेंडरी रेझिस्टन्स सेव्ह असलेल्या स्पेलला अडवतो, वॉल ऑफ फोर्स या भिंतीच्या स्पेलला सेव्हच नाही. फायटर दिवसभर तलवार चालवतो हे मला कुणी नाकारलेलं आठवत नाही.

यापुढे लिहायचं असेल तर ‘महाशय’ वगळून लिहा. आणि सोबत तुमच्या त्या ‘संपलेल्या’ विझर्डची पहिल्या लेव्हलची सहा स्पेलची यादी द्या. तीत मॅजिक मिसाइल, बर्निंग हँड्स आणि थंडरवेव्ह हे तिघंही असणार असा माझा अंदाज आहे, आणि रिच्युअल एकही नसणार.