‘भाकरी थापतं कोण?’ या प्रश्नाला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या दिवशी जे लिहिलं ते नुसतं स्वतःचं समर्थन होतं. ते पुसून टाकलं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझी दीड वर्षाची दिनचर्या लिहिली होती. पहाटे बडोद्याच्या कमाटीबागेत चालणं, आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका, रात्री आठच्या आत ज्वारीची भाकरी आणि भाजी, चहात साखर नाही. त्यावर मांजलपूरच्या या ताईंनी लिहिलं: “सगळं छान, पण ही भाकरी थापतं कोण? निवृत्त माणसाला वेळच वेळ. मी साडेपाचला उठते, दोन डबे, सासऱ्यांचं पथ्य, मग नोकरी. आम्हाला शिस्तीचे धडे देऊ नका. आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत श्रीखंड-पुरी खाल्ली. माझ्या आईला शुगर आहे, ती अनुवंशिक, त्यापुढे कुणाचं चालतं? आणि माझं वजन ५४ किलो आहे, मला याची गरजही नाही.”

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. भाकरी माझी बायको थापते. लेखात सगळीकडे ‘मी’ होता: मी आहार बदलला, मी तेल कमी केलं, मी मैदा बंद केला. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरोबर लिहिलंय तिने.” एवढंच. दीड वर्षात ती एकदाही बोलली नव्हती की रात्री पोळ्यांच्या जोडीला माझ्यासाठी वेगळ्या दोन भाकऱ्या म्हणजे दुसरं पीठ, दुसरी परात आणि पंचवीस मिनिटं जास्त. माझी शिस्त तिच्या पंचवीस मिनिटांवर उभी होती आणि मला ते दिसलं नव्हतं. तुम्ही दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

त्या रात्रीपासून भाकरी मी करतो. पहिले चार दिवस एकही धड उलटली नाही. पाणी कडकडीत नको पण चांगलं गरम हवं, हे तिने सांगितलं. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडत राहायचं, कडेला भेग पडेनाशी होईपर्यंत. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो रगडूनच आणावा लागतो. थापताना परातीत कोरडं पीठ भुरभुरून बोटांनी फिरवत जायचं. माझी भाकरी मधे पातळ आणि कडेला जाड व्हायची. तव्यावर टाकली की वरून लगेच पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो. पाचव्या दिवशीही मोडली, तेव्हा तिने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, “याची विरी गेलीये, महिन्याचं जुनं आहे.” विरी म्हणजे पिठाची धरून राहण्याची ताकद. खंडेराव मार्केटच्या बाजूने येताना नवी ज्वारी आणली, दोन किलोच दळून घेतली, आणि सहाव्या दिवशी भाकरी विस्तवावर टम्म फुगली. शेजारच्या गुजराती बहेन बाजरीचा रोटला परातीत न थापता दोन्ही हातांच्या मधे टपटप आवाज करत घडवतात, ते मी आता दारात उभा राहून नीट बघतो. धान्याप्रमाणे हात बदलतो, हे एवढी वर्षं खाऊन मला कळलं नव्हतं.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. आहाराबद्दल आपल्याकडे कितीतरी वाद झाले. २०१८ च्या सुमारास तर प्रत्येक मराठी घरात ‘दीक्षित की दिवेकर’ चाललं होतं, दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं. या सगळ्या वादात ते जेवण ताटात येतं कसं, हे कुणी विचारत नव्हतं. तुम्ही ते विचारलंत.

आता वेळेबद्दल. निवृत्तीमुळे मला वेळ आहे हे खरं. पण बँकेत असताना मी हेच पाच वेळा सुरू केलं आणि पाच वेळा सोडलं, आणि प्रत्येक वेळी खूप मोठं सुरू केलं म्हणून सोडलं. जिमची वर्षाची फी भरली, पहिल्या दिवसापासून एक तास. मार्चएन्ड आला की चार दिवस खाडा, आणि चार दिवसांनी वाटायचं, मोडलंच आता. त्या ‘मोडलंच आता’ने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं, खाड्याने नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी सवय लागायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं. मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ लागले तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ते वाचलं तेव्हा मनावरचं मोठं ओझं उतरलं. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही तेच केलं होतं.

ऑगस्ट २०२४ चा पूर तुम्हालाही आठवत असेल. विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली, कमाटीबाग पाण्यात, आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी, आणि रस्त्यावर मगरींची भीती. चालणं नऊ दिवस बंद. पहिले दोन दिवस मी नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर जिन्यात गेलो. तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आणि परत, दहा मिनिटं, वीज नसल्याने हातात टॉर्च. बाग उघडली तेव्हा शरीर पुन्हा चालायला तयार होतं, कारण संध्याकाळची ती दहा मिनिटं सुटली नव्हती.

तुम्हाला काही सांगायचंच असेल तर ही दहा मिनिटंच सांगेन, माझी पहाट नाही. जेवणानंतर लगेच थोडं चाललं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि काम करणारा स्नायू ती इन्शुलिनच्या मदतीशिवायही घेऊ शकतो. म्हणून जेवणानंतर साखर चढते ती कमी चढते. पूर्वी सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम धरत असत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढली. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, तुकड्यातुकड्यांनी झाली तरी मोजायची.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. “दिवसभर घरात राबते, तोच माझा व्यायाम,” असंही तुम्ही लिहिलंत. ओट्याशी चार तास उभं राहून पाय भरून येतात, कंबर धरते, पण छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत आणि दंड-मांड्यांना ताकद लावावी लागत नाही. थकवा वेगळा आणि व्यायाम वेगळा. तुम्ही दमता हे पूर्ण खरं आहे, आणि म्हणूनच आणखी एक काम डोक्यावर घ्या असं मी म्हणणार नाही. घरातलं दुसरं कुणी आठवड्यातून तीन रात्री मागची आवराआवर करील, आणि ती वीस मिनिटं तुम्ही सोसायटीत फेऱ्या माराल, असं मागून घ्या. माझ्या बायकोने मागितलं नाही, म्हणून मला दीड वर्ष कळलं नाही. तुमचे यजमान हे वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार करून हेच सांगतो.

आता आजोबांचं श्रीखंड. माझ्या घरातही तसं उदाहरण आहे, पण उलटं. माझे वडील तरुणपणी दांडियाबाजारात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे आजच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात जात. मलखांब, लाठी, रोज शेकड्याने जोर-बैठका. लग्न झालं, बदलीची नोकरी लागली, पुढे स्कूटर आली. आखाडा सुटला, खुराक सुटला नाही. सकाळी वाटीभर शिरा, रात्री तूप-गुळाची पोळी, शनिवारी फाफडा-जलेबी. पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि शेवटची सहा वर्षं डोळ्यांना अंधुक दिसत होतं. त्यांना वर्तमानपत्र मी वाचून दाखवायचो. ‘व्यायाम’ हा शब्द घरात भूतकाळातच बोलला जायचा: मी करायचो, मी मारायचो. ते दंड, ती छाती पुढच्या आयुष्यासाठी साठवून ठेवता आली नाही.

तुमचे आजोबा नव्वदीपर्यंत श्रीखंड खात होते, पण वर्षातून किती वेळा? पाडव्याला, दसऱ्याला, घरी चक्का टांगून? आणि उरलेले दिवस मांडवीपर्यंत पायी जात असतील. आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा कुठल्याही मंगळवारी असायचा. मी साखर कशी मोजली तेही सांगतो. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे, चमच्याला चारेक ग्रॅम, म्हणजे ३२ ग्रॅम. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रं काढली, त्यात दिवसाला २० ते २५ ग्रॅमची मर्यादा आहे. गोड पदार्थ एकही न खाता मी ती रोज ओलांडत होतो, त्यात आपल्या बडोद्याच्या आमटीतला गूळ धरलाच नाही.

अनुवंशिकता खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. ज्यांना नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या १०० पैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना चालणं आणि आहार पाळायला मदत केली त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे सगळं करूनही ३९ जणांना झालाच. कुणी तुम्हाला “असं करा, कधीच होणार नाही” म्हणालं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. पण ५५ आणि ३९ मधले ते १६ जण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांनाही आईवडिलांकडून तेच आलं असेल. माझा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीए-वन-सी, ६.३ वरून ५.८ वर आला आहे. तो पुन्हा चढू शकतो, म्हणून नोंदवही चालू आहे.

खाण्यातला आनंद गेला असेल, असंही तुम्हाला वाटतं. उत्तरायणला मी गच्चीवर उंधियू खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. महिन्यातून एकदा सेव-उसळही खातो, तर्रीसकट. नकोसं होतं ते फक्त आग्रहाने खाणं. आपल्या शहरात “एक दिवसमां कंई ना थाय” (एका दिवसाने काही होत नाही) म्हणत प्रेमाने ताटात टाकतात, आणि असे एकेक दिवस जोडून वर्ष होतं. मी हात जोडून “बस” म्हणायला शिकलो. सुरुवातीला दोन घरी राग आला, आता येत नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्या ५४ किलोंचा, आणि या एका वाक्यामुळे मला खरी काळजी वाटली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. युडकिन यांची तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली होती. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि वजनकाटा ते दाखवत नाही. तुमच्या आईला मधुमेह आहे, तुम्ही चाळिशी ओलांडली आहे. माझा लेख आवडला नाही तरी चालेल, भाकरी खाल्ली नाहीत तरी चालेल. पण उपाशीपोटीची साखर आणि एचबीए-वन-सी या महिन्यात करून घ्या, आणि आकडा आला की इथे लिहू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. सकाळी उपाशी जायचं असतं, तेव्हा त्या दिवशीचे दोन डबे घरातल्या दुसऱ्या कुणालातरी करू द्या.