माझं अर्थिंग

लॅपटॉपची नवी रॅम घरी बसवताना गेली आणि ठपका बसला माझ्या शर्टावर. आहेरात आलेला पॉलिस्टरचा शर्ट. "साहेब, तुमच्या अंगातलं स्टॅटिक, म्हणजे कपडे घासून साठलेली वीज, लागलं. वॉरंटी नाही," दुकानातला पोरगा म्हणाला. तेही रॅमचे सोनेरी दात चिमटीत धरून!

मालवणात स्टॅटिक? इथे मिठाची बरणी पाझरते, तळलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. दमट हवेत अंगावरचा चार्ज टिकत नाही, एवढं मलाही कळतं. तसं ऐकवलं, तर म्हणाला, "एसी लावलेलात?" लावला होता. एसीने हवा कोरडी होते. गप्प बसलो.

बाकावर एक आजोबा होते, निवृत्त वायरमन. पिशवीतून बांगड्यांच्या शेपट्या डोकावत होत्या.

"आमी खांबार चढाच्या आदी लाइन अर्थ करू. तू तसोच हात घातलंस? धर तो शटर!"

"आजोबा, आता रॅम तो बसवतोय. मी नाही."

"मगे? बाजूक उबो आसंस मा?"

धरलं. शटर ऑइलपेंटने रंगवलेलं, त्यातून कसलं डोंबलाचं अर्थिंग! पण वायरमनशी कोण वाद घालणार? शाळेत अंगठे धरून उभं केलं होतं, त्यानंतर हेच. शेजारच्या वहिनी रिक्षातून ओरडल्या, "दुकान घातलास काय वो?" एका पोराने तर मलाच टेम्पर्ड ग्लासचा भाव विचारला.

तोवर दुसरी रॅम, माझ्याच पैशांची, चंदेरी पिशवीतून निघून थर्माकोलच्या झाकणावर पहुडली होती. चार्ज धरून ठेवणाऱ्या थर्माकोलवर! अंगातला चार्ज जमिनीत सोडायला मनगटाला बांधायचा पट्टा कॅलेंडरच्या खिळ्याला लटकत होता. चुकून चालू वायरीला हात लागला तर करंट आवरावा म्हणून त्यात दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. इतका विचार करून कोणीतरी तो बनवला, आणि हा म्हणतो, "घाम येतो त्याने."

आपल्याला स्टॅटिकचा चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. चिप १०० च्या आतही मरू शकते. म्हणजे पहिली रॅम मी मारली की ह्याने, ते दोघांनाही कळलं नसणार. पैसे मात्र माझेच गेले.

"सोडू शटर?" मी विचारलं.

आजोबांनी बांगडे आत ढकलले. "रव. बिल येवंदे."