हाफ इंजिनचं काम फुल इंजिनवर का गेलं: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमच्या रिव्ह्यूत चार तक्रारी आहेत. व्हॉल्व्ह तुटला होता म्हणजे काम हाफ इंजिनचं (फक्त वरचा भाग: हेड, पिस्टन, सिलिंडर) होतं, ते आम्ही फुल इंजिनवर (खालच्या क्रँकसकट, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्यासकट) नेलं. दोन आठवडे सांगून सहा लावले. न विचारता क्लच प्लेटा बदलल्या. आणि गाडी घरी नेल्यावर किक जड लागते, पहिली दहा मिनिटं निळसर धूर दिसला, वर आम्ही तासाभरात ऑइल बदलायला सांगितलं, म्हणजे हा "पैसे काढायचा धंदा".

क्लच प्लेटांचं तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. वेळेचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या दोन गोष्टी जरा सविस्तर लिहितो, कारण ७७ मिमी बोअर आणि ५३.६ मिमी स्ट्रोकचं असंच सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन बऱ्याच जणांकडे आहे आणि हाच प्रश्न त्यांनाही पडतो.

आधी क्लच. तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच आहे. पिस्टनचा भुगा त्या ऑइलमधून क्लचमध्ये गेला आणि फ्रिक्शन प्लेटांच्या अस्तरात रुतून बसला. प्लेटा धुऊन तो निघत नाही. स्टीलच्या प्लेटांवर तो चरे पाडतो आणि सुटा झाला की परत ऑइलमध्ये येतो. म्हणून प्लेटा बदलणं गरजेचं होतं, पण क्रँकसाठी तुमची परवानगी घेतली तशी प्लेटांसाठी घेतली नाही. त्या प्लेटांचे पैसे परत मिळतील. प्लेटा गाडीतच राहू द्या.

आता मुख्य मुद्दा. डावा इनटेक व्हॉल्व्ह दांड्याजवळ तुटून त्याची थाळी सिलिंडरमध्ये पडली. १२,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला २०० फेरे घेतो. क्लच दाबून अंगठा किल स्विचपर्यंत नेण्यात अर्धा सेकंद गेला आणि इंजिन तोवर फिरत राहिलं, तर पिस्टन त्या तुकड्यावर शंभर वेळा आदळतो. प्रत्यक्षात इंजिन त्याआधीच जाम झालं, पण तेवढं पुरेसं होतं. पिस्टनच्या डोक्याला दोन बोटं जातील एवढं भोक, एक स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) तुटलेला, रिंगा तीन तुकड्यांत आणि हेडच्या चेंबरला हातोडीने ठोकल्यासारखे खड्डे.

हाफ की फुल हे त्या भोकानेच ठरवलं. पिस्टनचं डोकं अखंड असतं, मोठा तुकडा एक्झॉस्टमधून निघून गेला असता आणि ड्रेन केलेलं ऑइल स्वच्छ असतं, तर मीही हेड, पिस्टन, सिलिंडर एवढंच बोललो असतो. तसं काम करता येतं आणि ते टिकतंही. पण भोक पडलं की चेंबरमधला सगळा कचरा सरळ क्रँकवर पडतो. तुमचं ऑइल ॲल्युमिनियमचा रंग कालवल्यासारखं चंदेरी आलं. पंपाच्या चाळणीवर स्कर्टचे तुकडे होते. फिल्टर कापून घडी उलगडली तेव्हा प्रत्येक पटीत चमक होती.

"फिल्टर आहे ना, मग कचरा पुढे कसा गेला?" असं तुम्ही काउंटरवर विचारलं होतं आणि तेव्हा आमच्याकडून नीट उत्तर मिळालं नाही. चाळणी फक्त मोठे तुकडे अडवते. बारीक भुगा पंपातून पार होतो आणि जाता जाता रोटरवर चरे पाडतो. फिल्टर भरत आला किंवा ऑइल थंड आणि जाड असलं की फिल्टर टाळून ऑइल पुढे सोडणारा बायपास व्हॉल्व्ह उघडतो, कारण इंजिनला ऑइलच न मिळण्यापेक्षा घाण ऑइल परवडलं. तिथून ते ऑइल दोन नाजूक ठिकाणी जातं. एक, क्रँकपिनमधल्या छिद्रातून बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडच्या खालच्या टोकाच्या, बेअरिंगमध्ये. दुसरं, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमकडे. या हेडमध्ये कॅमला वेगळं बेअरिंग नाही, तो हेडच्याच ॲल्युमिनियमवर फिरतो. तिथे नख अडकेल असा चरा पडला की हेड बाद. तुमच्या हेडमधल्या कॅमच्या बैठकी वाचल्या होत्या, म्हणूनच आम्ही नवं हेड न लावता जुन्यात व्हॉल्व्हच्या गाइड (दांडा सरकतो ती नळी) आणि सीट (थाळी टेकते ती कडा) बसवल्या. बिल फुगवायचं असतं तर नवं हेड हा सोपा मार्ग होता.

क्रँक उघडून नव्याने का बांधला, तर त्याचे आकडे जॉबकार्डवर आहेत. क्रँकच्या टोकाचं रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमग, डायल गेजवर ०.११ मिमी आलं, मर्यादा ०.०५. रॉडच्या बिग एंडला वर-खाली खेळ हाताला जाणवत होता. बाजूचा खेळ फिलर गेजने मापात येत होता, आणि नेमकं इथेच पुष्कळ जण फसतात. रॉड डावी-उजवीकडे थोडा हलायलाच हवा, पण वर-खाली हाताला जाणवेल इतका मुळीच नाही. गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) घालून दोन सारख्या ठोकळ्यांवर टेकवली तर एका बाजूला फट दिसली, म्हणजे रॉड वाकलेला. वाकलेल्या रॉडवर नवा पिस्टन घातला तर तो सिलिंडरला तिरका घासतो, आणि काही तासांत नव्या पिस्टनसकट सगळं परत टेबलावर येतं.

हा क्रँक तीन भागांचा, दाबून बसवलेला असतो: दोन वेब आणि मधली पिन. प्रेसवर जुनी पिन काढली. नवं किट घातलं, त्यात रॉड, पिन, बेअरिंग आणि वॉशर येतात. वेबमधली रुंदी मॅन्युअलप्रमाणे धरली आणि सेंटरवर फिरवत तांब्याच्या हातोडीने सरळ केला. शेवटचं रनआउट ०.०२. केसचे दोन्ही भाग धुऊन भेगा दाखवणारा रंग (डाय) टाकून बघितले, बेअरिंगच्या घरांभोवती भेग नव्हती. केस साधारण १०० अंशांवर तापवली आणि फ्रीजरमधली बेअरिंगं टाकली, ती स्वतःच्या वजनाने बसली. ठोकून बसवलेलं बेअरिंग घर ओरबाडतं आणि नंतर घरातच फिरू लागतं. सगळे ऑइल मार्ग प्लग काढून, ब्रश आणि दाबाची हवा दोन्ही बाजूंनी मारून साफ केले. फुल इंजिनच्या मजुरीतला बराच वेळ या कंटाळवाण्या कामात जातो आणि फोटोत ते दिसत नाही.

वेळेबद्दल. तुमच्या सिलिंडरला आत लोखंडी स्लीव्ह नाही, ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम नुसतं चिकटलं असतं तर ॲसिडने उतरवून वाचवता आलं असतं. इथे थरच फाटून खाली खोल खड्डा झाला होता. असा सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येत नाही. खड्डा वेल्डने भरायचा, परत प्लेटिंग करायचं आणि डायमंड होनने घासून मापात आणायचं. नवा सिलिंडर की प्लेटिंग, हे आम्ही विचारलं होतं आणि तुम्ही प्लेटिंग निवडलंत. पण त्यासाठी सिलिंडर बाहेर पाठवावा लागतो आणि त्याने काम तीन-चार आठवडे लांबतं, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. शिवाय पहिले "दोन आठवडे" इंजिन न उघडता बोललो होतो, तीही चूकच. आता आम्ही जॉबकार्डवर इंजिन खोलण्यापूर्वी तारीख लिहीत नाही, फक्त तपासणीचे दिवस लिहितो.

किक आणि धूर. नव्या रिंगा, ताजा होन आणि नव्याने कापलेल्या सीटा असल्या की कॉम्प्रेशन तुम्हाला सवय होती त्यापेक्षा जास्त लागतं. जुनं इंजिन हलकं लागत होतं, कारण त्याचे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते. पहिला धूर हा बांधताना सिलिंडरला आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांना लावलेल्या ऑइलचा, तो जातो. तासाभरानंतरही राहिला तर कधी दिसतो ते बघा. उभी गाडी सुरू करताना किंवा थ्रॉटल सोडल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील. चढावर जोर देताना आला तर रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, मग गाडी अजिबात चालवू नका.

गाडी आयडलवर तासभर ठेवू नका. रिंगा बसायला दाब लागतो. गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. मग वीस-तीस मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास, वेग सतत कमी-जास्त करत, वरच्या गिअरमध्ये ओढत न ठेवता. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर. या इंजिनात ऑइल लिटरभरच असतं, आणि नव्या रिंगा, होन, गिअर यांचा पहिला झिजलेला भुगा त्याच लिटरभरात फिरत असतो. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसली तर ठीक. नखात धरता येईल असा पापुद्रा दिसला तर गाडी बंद करून आम्हाला फोन करा. हे ऑइल तुम्ही स्वतः बदललंत, कुठूनही घेतलंत, तरी आमची हरकत नाही.

आणि ज्यावर रिव्ह्यूत एक शब्द नाही, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती ही: व्हॉल्व्ह तुटला का? इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. त्यांच्या बैठकीवर, म्हणजे सीटला टेकणाऱ्या कडेवर, पातळ कठीण थर असतो आणि धुळीने तो गेला की आतला मऊ धातू झपाट्याने झिजतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये वर सरकतो आणि क्लिअरन्स (कॅमच्या बाजूने ठेवलेली फट) कमी होतो. तो ०.१० ते ०.१५ मिमी हवा. शिम (ही फट जुळवणारी छोटी चकती) पातळ करून तो परत आणता येतो. एकदा चालतं. दुसऱ्यांदा शिम पातळ करायची वेळ आली की शिम नव्हे, व्हॉल्व्ह संपला. तुमच्या दोन्ही इनटेकवर एक्झॉस्टच्या तुलनेत फारच पातळ शिम निघाल्या. न तुटलेल्या इनटेकची बैठक वाटीसारखी खोलगट झाली होती. असा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, उष्णता सीटला देत नाही, तिरका आदळतो आणि मानेतून तुटतो. लॅपिंग (पेस्ट लावून सीटवर घासणं) करून तो वाचवता येत नाही, लॅपिंगने उरलासुरला थरही जातो.

धूळ आली कुठून, तर तुमच्या इनटेकच्या रबरात, एअर फिल्टरच्या पलीकडे इंजिनच्या बाजूला, बोटाला करकर लागणारी बारीक माती होती. फिल्टर फाटलेला नव्हता. एअरबॉक्सच्या कडेला तो एका बाजूने नीट टेकलेला नव्हता आणि त्या कडेला ग्रीस नव्हतं. नवे व्हॉल्व्ह, नव्या स्प्रिंगा आणि नव्याने बांधलेला क्रँक घातलेलं हे इंजिन त्याच फटीतून परत माती ओढणार असेल तर आम्ही केलेलं काम वाया आहे.

पहिल्या ऑइलनंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासायला गाडी घेऊन या. नव्या सीटा थोड्या बसतात, म्हणून ही तपासणी करावीच लागते, आणि तिचे पैसे फुल इंजिनच्या कामात धरलेले आहेत. किक तेव्हाही जड वाटली तर तुमच्यासमोर लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमधून हवा किती गळते ते मोजणारी) लावू, गेजवरचा आकडा तुम्हीच वाचा. जुना पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, शिम, क्लच प्लेटा आणि कापलेला फिल्टर तुमच्या नावाच्या डब्यात ठेवले आहेत, घेऊन जा किंवा दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा. फक्त एअर फिल्टर सगळ्या बाजूंनी नीट टेकलाय आणि कडेला ग्रीस आहे, हे गाडी चालवण्याआधीच बघा.