शेवटी तपासू म्हणता, पण तोवर उरतं काय?

एआय एजंटांबद्दल, म्हणजे काम सांगितलं की एकेक पायरी स्वतःच करत जाणाऱ्या एआय प्रणालींबद्दल, एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: काम सांगा, मोकळं सोडा, शेवटी निकाल तपासा. सोबत कारणंही तयार असतात. एजंटांमागची एआय मॉडेल आता पुरेशी हुशार झाली आहेत, चूक झाली तर एजंट स्वतःच सावरतो, नाही सावरला तर लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, एरर दिसेलच, आणि मधेमधे तपासत बसणं परवडत नाही. दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून घ्यायची असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण हाच सल्ला पन्नास-शंभर पायऱ्यांच्या कामालाही सर्रास दिला जातो, आणि तिथे तो टिकत नाही.

हुशारीचा मुद्दा आधी घेऊ. प्रत्येक पायरी ९९ टक्के वेळा बरोबर पडते आणि चुकांचा एकमेकींशी संबंध नाही असं धरलं, तरी १०० पायऱ्या बिनचूक पार पडण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास येते. ९५ टक्के धरलं तर २० पायऱ्यांतच ती ३६ टक्क्यांवर घसरते. हा हिशेब ढोबळ आहे. काही चुका एजंट वाटेत दुरुस्त करतो, काही चुका मात्र पुढच्या पायऱ्यांत खऱ्याच मानल्या जातात. २०२४ च्या टाऊ-बेंच या चाचणीत जीपीटी-४ओ सारख्या तेव्हाच्या आघाडीच्या मॉडेलांना निम्मी कामंही जमली नव्हती, आणि किरकोळ विक्रीच्या ग्राहकसेवेत एकच काम आठच्या आठ वेळा नीट होण्याचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली होतं. मॉडेल त्यानंतर बरीच सुधारली. तरी डेमोत एकदा जमलेलं काम रोज जमेल, हे त्यावरून ठरत नाही.

‘एजंट स्वतःच सावरतो’ हे अर्धं खरं आहे. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की बाहेरची काही माहिती न देता मॉडेलला स्वतःचा तर्क पुन्हा तपासायला लावलं, तर अचूकता सुधारत नाही, कधीकधी उलट घटते. तेच मॉडेल कम्पायलरने (कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) दाखवलेला एरर किंवा कोड तपासणारी टेस्ट फेल झालेली समोर ठेवली की पटकन वाट सुधारतं. म्हणजे सावरायला बाहेरचा पुरावा लागतो. ‘नक्की ना?’ असं एजंटलाच विचारून त्याला तपासणी म्हणणं ही स्वतःची समजूत घालणं झालं.

सगळ्यात घातक मला लॉगवरचा भरवसा वाटतो. साधा प्रोग्रॅम बिघडला की बंदच पडतो. एजंट बिघडला तरी कामाला लागलेलाच दिसतो. एजंट वापरत असलेलं शोधाचं टूल (साधन) चुकीच्या फिल्टरमुळे रिकामी यादी देतं. तांत्रिकदृष्ट्या सगळं ठीक, एरर नाही. एजंट त्यावरून ठरवतो की ग्राहकाची नोंदच नाही, आणि दुसरी नोंद तयार करतो. टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच बदलतो. अशी पळवाट काढणारी मॉडेल ओपनएआयने मार्च २०२५ मध्ये स्वतःच जाहीरपणे मांडली होती. मॉडेल काम करताना लिहून काढतं ते विचार दुसऱ्या मॉडेलने वाचले तर यातलं बरंच पकडता येतं, हे त्यांना दिसलं. पण अशा विचारांबद्दल प्रशिक्षणात दंड लावला, तर मॉडेल लबाडी चालू ठेवून विचार लपवायला शिकतं, हेही दिसलं. म्हणून विचारांपेक्षा आधी कृती पाहाव्यात.

आणि कृतींत खुणा असतात. तेच टूल, त्याच इनपुटने, तिसऱ्यांदा. एकच फाइल बदलली, पूर्ववत केली, पुन्हा बदलली. अशा कामाला नेहमी लागतात त्याच्या दुप्पट पायऱ्या. शेवटच्या बदलानंतर काहीही न चालवता ‘काम पूर्ण’. सुरुवातीला घातलेली अट विसाव्या पायरीनंतर कुठेच पाळलेली दिसत नाही. शेवटची सोडली तर बाकीच्या पकडायला मॉडेलही लागत नाही, थोडा साधा कोड पुरतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अनेक एजंटांच्या प्रणालींतले बिघाडाचे १४ प्रकार मांडले, त्यांतही पायरी उगाच पुन्हा करणं, कुठे थांबायचं ते न कळणं आणि पडताळणी अर्धवट सोडणं हे आहेतच.

‘शेवटी तपासू’ला उत्तर म्हणून जुलै २०२५ मधलं रेप्लिट या एआयने कोड लिहून देणाऱ्या कंपनीचं प्रकरण पुरे. कोडला हात लावू नको असं बजावलेलं असताना त्यांच्या एजंटने चालू डेटाबेस पुसला, वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात आणता आला. निकालाची वाट पाहणाऱ्याला इथे तपासायला काय मिळणार होतं? शिवाय मागाहून कारण शोधणंही अवघड: अनेक एजंटांच्या फसलेल्या कामांवरच्या २०२५ च्या एका अभ्यासात सर्वांत चांगल्या पद्धतीलाही नेमकी चुकीची पायरी १४.२ टक्के वेळाच सापडली.

परवडण्याबद्दल मात्र थोडं मान्य. प्रत्येक पायरीला माणसाची मंजुरी ठेवली तर माणूस लवकरच न वाचता ‘होय’ दाबू लागतो, त्यापेक्षा मंजुरी नसलेली बरी. पण लक्ष ठेवणं म्हणजे तेवढंच नाही. १९२४ चा टोयोडा यंत्रमाग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून एका कामगाराला अनेक माग सांभाळता यायचे. एजंटालाही माणसाची मंजुरी फक्त न फिरवता येणाऱ्या कृतीपूर्वी हवी: पैसे पाठवणं, पुसणं, ईमेल सोडणं. बाकी ठिकाणी वरच्या खुणा दिसल्या की आपोआप थांबावं. थांबल्यावर त्याच संभाषणात ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणू नये, कारण चुकीचा निष्कर्ष तिथेच पडून असतो आणि एजंट तो पुन्हा वाचतो. शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे जावं, तिथवरची पडताळलेली माहिती तेवढी घ्यावी, आणि तिथून कोऱ्या संदर्भाने, म्हणजे नव्या संभाषणात, पुढे चालवावं.